अंतर चोख, वेळ मोघम: हवाई अंतर सांगणाऱ्या ऑनलाइन सेवांची पारख

दोन विमानतळांची नावे किंवा संकेताक्षरे टाकली की त्यांच्यातील हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ क्षणार्धात सांगणाऱ्या ऑनलाइन सेवा आता इतक्या झाल्या आहेत, की त्यांतली नेमकी कोणती उघडावी हाच प्रश्न पडतो. त्यांपैकी एखादीच निवडून तिचे गुणदोष सांगण्यापेक्षा या संपूर्ण प्रकाराचीच पारख करणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण या सेवांचे गुण बहुतांशी सारखे आहेत, दोषही सारखे आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. अंतराचा आकडा भूमितीतून निघतो. वेळेचा आकडा मात्र त्याच अंतराला एका ठरावीक वेगाने भागून काढलेला असतो. असे असूनही दोन्ही आकडे एकाच ठशात, सारख्याच आत्मविश्वासाने शेजारीशेजारी छापले जातात. पहिल्यावर बऱ्याच अंशी विसंबता येते आणि दुसऱ्यावर जवळजवळ कधीच नाही, हे वापरणाऱ्याला सांगण्याची तसदी फारच थोड्या सेवा घेतात.

आधी अंतराविषयी. या सेवा देतात ते बृहद्वृत्तावरचे अंतर असते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलामुळे पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त, आणि त्यावरचा लहान कंस हा दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की हे गणित शाळेतल्या त्रिकोणमितीच्या फार पलीकडे जात नाही. चाचणीसाठी न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो ही जोडी सोयीची आहे, कारण तिच्याविषयी सर्वाधिक माहिती उपलब्ध असते. पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा परिपूर्ण गोल मानणाऱ्या सेवा हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर सांगतात, तर पृथ्वीचा ध्रुवांकडे किंचित चपटा असलेला खरा आकार हिशेबात धरणाऱ्या सेवा ५,५५५ किलोमीटरच्या आसपास जातात. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५६.७५२ किलोमीटर, एवढ्या एकवीस-बावीस किलोमीटरांच्या तफावतीचा हा परिणाम आहे. गोल मानल्यामुळे होणारी चूक साधारणतः अर्ध्या टक्क्याच्या आत राहते, आणि प्रवासाचा अंदाज घेणाऱ्याला तिच्यामुळे काहीही बिघडत नाही.

बिघडते ते दशांशचिन्हापुढच्या आकड्यांमुळे. पृथ्वी गोल मानून हिशेब करायचा आणि उत्तर मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे दहा मीटरपर्यंत नेमके असल्याचा आव आणायचा, ही सवय अनेक सेवांना जडलेली आहे. मुळातच पद्धतीत पंधरा किलोमीटरांचे अंतर पडत असताना या दशांशांना अर्थ राहत नाही. शिवाय हीथ्रोच्या दोन समांतर धावपट्ट्याच एकमेकींपासून सुमारे १.४ किलोमीटर दूर आहेत, तेव्हा विमान कोणत्या धावपट्टीवर उतरणार हे ठरण्याआधीच मीटरचा हिशेब सांगणे हास्यास्पद आहे. जी सेवा अंतर पूर्ण किलोमीटरांत सांगते आणि पृथ्वीचा कोणता आकार गृहीत धरला तेही नोंदवते, तिला मी या बाबतीत पैकीच्या पैकी गुण देईन.

एककांचा घोळ हा दुसरा दोष, आणि तो वरवर दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरांचा असतो, तर विमानवाहतुकीत वापरला जाणारा सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा, दोहोंत सुमारे पंधरा टक्क्यांचा फरक आहे. न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर पहिल्या मापाने सुमारे ३,४५० मैल भरते आणि दुसऱ्या मापाने जवळपास ३,००० मैल. काही सेवा नुसतेच 'मैल' लिहून मोकळ्या होतात, आणि मग कोणता आकडा कोणत्या मैलाचा हे वाचकाने स्वतः गुणाकार करून ताडावे लागते.

अंतर चुकण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र सूत्रात नसून विमानतळांच्या यादीत असते. या यादीची परीक्षा घ्यायची असेल तर इस्तंबूल टाकून पाहावे. ६ एप्रिल २०१९ रोजी तेथील प्रवासी वाहतूक अतातुर्क विमानतळावरून शहराच्या उत्तरेकडील नव्या विमानतळावर हलवली गेली आणि आयएसटी हे संकेताक्षरही नव्या विमानतळाला देण्यात आले. दोन्ही जागांमध्ये सुमारे तेहतीस किलोमीटरांचे अंतर आहे. ज्या सेवेची यादी त्यानंतर अद्ययावत झालेली नाही, ती आयएसटी टाकल्यावर आजही जुन्या विमानतळापासून अंतर मोजते, आणि पडद्यावर यातले काहीही दिसत नसल्यामुळे चूक लक्षात येण्याची शक्यता जवळजवळ नसते. नकाशावर टिंब कोठे पडते ते मोठे करून पाहणे हाच त्यावरचा उपाय आहे.

याच जातीचा आणखी एक दोष म्हणजे शहर आणि विमानतळ यांत फरक न करणे. नुसते 'टोकियो' लिहिल्यावर काही सेवा शहराच्या मध्यापासून अंतर देतात, तर काही नारिता किंवा हानेदा यांपैकी एक विमानतळ परस्पर निवडून टाकतात. हानेदा शहरालगत आहे आणि नारिता मध्य टोकियोपासून सुमारे साठ किलोमीटर दूर. हवाई अंतराच्या दृष्टीने हा फरक किरकोळ असला, तरी उतरल्यानंतरच्या प्रवासात तो चांगलाच जाणवतो. सिडनी हे नाव ऑस्ट्रेलियातही आहे आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही. सान होसे हे नाव कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही. म्हणून नावाऐवजी तीन अक्षरी संकेत वापरणे शहाणपणाचे ठरते, आणि जी सेवा नाव टाकल्यावर पर्यायांची यादी देशासह दाखवते ती अर्थातच उजवी.

नकाशाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. सपाट नकाशावर बृहद्वृत्ताची रेषा उत्तर गोलार्धात उत्तरेकडे फुगलेली दिसते आणि लंडनहून लॉस एंजेलिसला जाताना ती ग्रीनलंडवरून कशी जाते, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. चांगल्या सेवा त्याचा खुलासा एका ओळीत करतात. १८० अंश रेखावृत्त ओलांडताना, उदाहरणार्थ ऑकलंड ते लॉस एंजेलिस, रेषा उलट दिशेने सगळे जग कापत काढणारी सेवा दिसली, तर तिच्या बाकीच्या कारागिरीविषयीही शंका घ्यावी.

आता वेळेकडे येऊ, कारण खरी तक्रार तेथेच आहे. या सेवांमध्ये अत्यंत रुळलेला ठोकताळा असा, की अंतराला ताशी सुमारे ८०५ किलोमीटर, म्हणजे ताशी ५०० मैल, या वेगाने भागायचे आणि उड्डाण व उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवायचा. न्यूयॉर्क ते लंडन या जोडीला हा हिशेब लावला तर ७ तास २३ मिनिटे येतात. आकडा वाईट नाही, पण लंडन ते न्यूयॉर्क विचारले तरी तोच आकडा येतो, आणि येथे या पद्धतीचा पाया उघडा पडतो. प्रत्यक्ष वेळापत्रकात पूर्वेकडे जाताना साधारण सात तास आणि पश्चिमेकडे येताना साधारण आठ तास दिलेले असतात. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ढकलतात आणि परतणाऱ्याला अडवतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजच्या एका बोइंग ७४७ विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले होते, तेही ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या विमानाने.

वाऱ्याचे गणित थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. स्थिर हवेत ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान घेतले आणि वाटेत सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे असे मानले, तर ५,५४० किलोमीटरांसाठी वाऱ्याबरोबर ५ तास ३२ मिनिटे लागतात आणि वाऱ्याविरुद्ध ६ तास ५५ मिनिटे. फरक जवळपास दीड तासाचा. जाता-येता हा फरक एकमेकांना फेडून टाकत असेल, हा समजही खरा नाही. विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून पडत असल्यामुळे दोन्ही फेऱ्यांची बेरीज वारा नसतानाच्या बेरजेपेक्षा नऊ मिनिटांनी जास्तच भरते. म्हणूनच उत्तर अटलांटिकवरील मार्ग कायमचे आखलेले नसतात. दिवसातून दोनदा, पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या वाहतुकीसाठी वेगवेगळे, वारा पाहून ते ठरवले जातात, आणि जमिनीवर लांब पडणारा मार्ग हवेत लवकर संपणारा असेल तर तोच पसंत केला जातो. सर्वांत कमी अंतर आणि सर्वांत कमी वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विमान कंपन्यांच्या रोजच्या कामातले साधे सत्य या सेवांच्या रचनेतच बसत नाही.

विमान कोणते, हा प्रश्नही त्या विचारत नाहीत. याच मार्गावर फेब्रुवारी १९९६ मध्ये ध्वनीहून वेगवान अशा कॉनकॉर्ड विमानाने २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांचा विक्रम केला होता. अंतर तेव्हाही तेच होते. आज कमी पल्ल्याच्या अनेक मार्गांवर एटीआर ७२ सारखी पंख्यांची विमाने धावतात आणि त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या घरात असतो. अशा मार्गाला ताशी ८०५ किलोमीटरचा वेग लावून काढलेली वेळ विश्वास ठेवण्याजोगी नसते.

अगदी टोकाच्या उदाहरणांनी ठोकताळ्याचे सांधे लगेच कळतात. स्कॉटलंडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटे सुमारे २.७ किलोमीटर अंतरावर आहेत आणि त्यांच्यातील नियमित विमानसेवेची वेळापत्रकातली वेळ दोन मिनिटे आहे. अनुकूल वाऱ्यात हे उड्डाण ५३ सेकंदांतही पार पडलेले आहे. ठोकताळा मात्र येथे अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांगतो, कारण मिळवायचा अर्धा तास तो इमानेइतबारे मिळवतोच. दुसऱ्या टोकाला वेलिंग्टन आणि माद्रिद ही जोडी टाकावी. ही दोन शहरे पृथ्वीवर जवळजवळ एकमेकांच्या नेमकी पाठीमागे आहेत आणि विमानतळांमधले अंतर सुमारे १९,८५० किलोमीटर आहे. उत्तर येते ते २५ तास १० मिनिटांच्या थेट उड्डाणाचे. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा सुमारे १५,३५० किलोमीटरांचा मार्गच थेट प्रवासी सेवांमध्ये सर्वांत लांब म्हणून ओळखला जातो, तेव्हा या पंचवीस तासांच्या उड्डाणाला विमान कोठून आणायचे हे सेवा सांगत नाही. 'या मार्गावर थेट विमान नाही' एवढे एक वाक्य लिहायला हरकत नसावी. एकमेकांच्या पाठीमागच्या जोड्या अंतराच्या सूत्राचीही कसोटी घेतात: चपट्या पृथ्वीवरचे अंतर काढण्याची, १९७५ साली व्हिन्सेंटी यांनी मांडलेली आणि अजूनही फार वापरात असलेली पद्धत याहूनही नेमक्या समोरासमोरच्या बिंदूंवर कधीकधी उत्तरापर्यंत पोहोचतच नाही, आणि कार्नी यांची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत तेथेही चालते. अशा जोडीला कोरी चौकट किंवा शून्य दाखवणारी सेवा आढळली, तर कारण बहुधा हेच असते.

राजकारणाने बंद झालेल्या आकाशाची दखल या सेवा घेत नाहीत, याचे उदाहरण हेलसिंकी ते टोकियो. बृहद्वृत्तावर हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि ती रेषा बहुतांशी रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले आणि साडेनऊ तासांच्या आसपास होणारा हा प्रवास फिनलंडच्या फिनएअर कंपनीच्या विमानांना उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून सुमारे तेरा तासांवर गेला. ठोकताळा अजूनही दहा तास आणि काही मिनिटे सांगतो. तेथून पुढे जोडविमान पकडायचे असणाऱ्या प्रवाशाने या आकड्यावर भरवसा ठेवला तर पुढचे विमान हातचे जाईल.

जमिनीवरचा वेळ हा त्याहून साधा, तरीही दुर्लक्षित विषय. तिकिटावर छापलेली वेळ विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर उभे राहीपर्यंतची असते, आणि वेळापत्रक आखताना कंपन्या तीत विलंबासाठी थोडी सवडही ठेवतात. धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळ विमानतळागणिक बदलतो. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २००३ मध्ये सुरू झालेली पोल्डरबान ही धावपट्टी इमारतीपासून इतकी दूर आहे, की तेथून दारापर्यंत यायलाच दहा ते वीस मिनिटे लागतात. सगळ्या जगासाठी एकच अर्धा तास धरणाऱ्या सूत्रात याला जागा नाही. काही सेवा तर त्यांच्या आकड्याला सरळ 'प्रवासाचा एकूण वेळ' म्हणतात, जणू सुरक्षा तपासणी, पारपत्राची रांग आणि सामानाचा पट्टा अस्तित्वातच नाहीत.

स्थानिक वेळेत पोहोचण्याची वेळ सांगणाऱ्या सेवा कमी आहेत आणि त्यांची परीक्षा आंतरराष्ट्रीय वाररेषेवर घ्यावी. सामोआतील आपिया आणि अमेरिकन सामोआतील पागो पागो यांच्या विमानतळांमध्ये सुमारे १५० किलोमीटर अंतर आहे, पण सामोआने २०११ च्या अखेरीस ३० डिसेंबर हा दिवस गाळून वाररेषेची बाजू बदलल्यामुळे दोन्हीकडच्या घड्याळांत पूर्ण चोवीस तासांचा फरक आहे. आपियाहून निघालेला प्रवासी आदल्या दिवशी उतरतो. ही तारीख बरोबर दाखवणारी सेवा उन्हाळी वेळेतही सहसा चुकत नाही, पण खात्री करायची तर मार्चमधले दोन-तीन आठवडे निवडावेत, कारण अमेरिका घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी.

मग वापरावे काय? नुसत्या अंतरासाठी ग्रेट सर्कल मॅपर ही जुनी सेवा मला सर्वांत सरस वाटते. तिचे रूप साधे, किंबहुना जुनाट आहे, पण अनेक टप्प्यांचा मार्ग एका ओळीत लिहिता येतो, एखाद्या विमानतळाभोवती ठरावीक पल्ल्याचे वर्तुळ काढता येते आणि विनाकारण वेळेचे भाकीत केले जात नाही; वेग आपण दिला तरच ती वेळ सांगते, आणि माझ्या मते हाच प्रामाणिकपणा आहे. वेळेसाठी फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या, विमानांच्या प्रत्यक्ष हालचाली नोंदवणाऱ्या सेवांवर त्याच क्रमांकाच्या विमानाचे गेल्या काही दिवसांतले उड्डाण आणि उतरणे पाहावे. वारा, वळसा आणि विमानाचा प्रकार हे सगळे त्या नोंदींत आपोआप आलेले असते. इंधन आणि उत्सर्जनाचा हिशेब करणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या उत्सर्जन गणकाची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे: बृहद्वृत्ताच्या अंतरात ५५० किलोमीटरपेक्षा कमी पल्ल्याला ५०, ५,५०० पर्यंतच्या पल्ल्याला १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर मिळवले जातात, कारण विमान त्या आदर्श रेषेवरून कधीच तंतोतंत जात नाही. सामान्य सेवांनी एवढी एक तळटीप उचलली तरी त्यांची पत वाढेल.

एक क्षेत्र असे आहे की जेथे या सेवांचे निव्वळ भौमितिक अंतरच हवे असते आणि प्रत्यक्ष उडालेले अंतर निरुपयोगी ठरते. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमावलीनुसार रद्द झालेल्या किंवा फार उशिरा पोहोचलेल्या विमानाबद्दल मिळणारी भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे ४०० आणि संघाबाहेरच्या ३,५०० किलोमीटरांपलीकडच्या प्रवासाला ६०० अशा पायऱ्या तीत आहेत, आणि हे अंतर बृहद्वृत्ताच्या पद्धतीनेच मोजावे असे नियमात लिहिले आहे. रोमहून ब्रुसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाणाऱ्या प्रवाशांच्या प्रकरणात सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला, की जोडविमान असले तरी पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचे थेट अंतरच धरायचे. दोन टप्प्यांची बेरीज १,६५६ किलोमीटर होत होती आणि थेट अंतर १,३२६ किलोमीटर, म्हणजे भरपाई ४०० ऐवजी २५० युरो. अनेक टप्पे टाकण्याची सोय असलेल्या सेवा तळाशी ठळकपणे बेरीजच दाखवतात. दावा करणाऱ्याने मधला विमानतळ वगळून फक्त पहिला आणि शेवटचा टाकावा, आणि उत्तर एखाद्या पायरीच्या दहा-पंधरा किलोमीटर आसपास पडत असेल तर पृथ्वी चपटी मानणाऱ्या सेवेचाच आकडा अर्जात लिहावा.